दोन ट्रॉल्यांचा उतार

परवा बोरीच्या उतारावर पुढच्या ट्रकच्या ब्रेकचा जळका वास आला आणि मी गाडी कडेला घेतली. वीस वर्षांपूर्वी इथंच तो वास माझ्या नाकातोंडात भरला होता.

आमचा ट्रॅक्टर लहान. मी उसाच्या दोन ट्रॉल्या जोडताना थोरल्या भावानं, दादानं, बजावलं होतं, "एकच ने. दोन्हीला मोठा ट्रॅक्टर लागतो."

"वढतोय की राव, काय व्हतंय!" मी म्हणालो.

चढावर ट्रॅक्टरनं त्या ओढल्याही. उतारावर मात्र उसाचं वजन ट्रॅक्टरलाच पुढं ढकलायला लागलं. ब्रेक दाबून धरला, तो जळू लागला, तरी वेग कमी होईना. मागची ट्रॉली आडवी फिरून पुढचीवर आदळली, ट्रॅक्टरला घेऊन दोन्ही उलटल्या आणि मी उडून बांधावर आपटलो. वरून ऊस कोसळला.

मोटारसायकलवर मागून येणाऱ्या दादानं मला उसाखालून ओढून काढलं आणि हाताला लागलेल्या उसानंच झोडपलं. तो मोडला, तसा दुसरा घेतला.

"वढायचं बघितलंस, थांबवायचं कोन बघनार? मेला असतास की!"

माझ्या ओठातून रक्त येत होतं. त्याचे तळहातही पाचटानं चिरले होते.

त्यानंतर वर्षभर मी त्याच्याशी बोललो नाही. ट्रॅक्टर मोडल्याचा राग त्यानं माझ्यावर काढला, असंच वाटायचं. आता आठवतं ते वेगळंच. मारता मारता तो थांबायचा, माझे हात, पाय, बरगड्या चाचपायचा आणि काही मोडलं नाही अशी खात्री झाली की पुन्हा मारायचा.