अष्टमीचं उधाण

शकूच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला कॅलेंडर टांगलेलं असतं आणि त्याला सुतळीने एक पेन्सिल बांधलेली असते. ती पेन्सिल कुणी सोडवून नेली की घरात आवाज चढतो. तारखांच्या चौकोनांत सिलिंडर कधी लावला, कोंबडी अंड्यांवर कधी बसवली, नवऱ्याच्या डोळ्यांच्या थेंबांची बाटली कधी फोडली, असं सगळं असतं. पौर्णिमा-अमावास्येला एक उभी रेघ. म्हणजे उधाण. खाडीचं पाणी बांधाला भिडणार, तेव्हा भरतीच्या आधी जाऊन उघाडीची फळी नीट बसली आहे का ते बघायचं. उघाडी हे बांधातलं पाण्याचं दार. ते उघडं राहिलं तर खारं पाणी शेतात येतं आणि दोन-तीन वर्षं भात विसरावा लागतो. अष्टमीला मात्र आडवी रेघ. तो भांग. त्या दिवसांत पाणी आळसावलेलं असतं, बांधाकडे फिरकलं नाही तरी चालतं.

या रेघा तिला सासऱ्यांनी शिकवल्या. तिची शाळा सातवीत संपली होती. बाकीच्या नोंदी तिच्या तिने वाढवल्या.

बारा वर्षांपूर्वी बांध फुटला. दीड हात रुंदीचं खिंडार, आत तीन कुटुंबांची शेतं. पंचनामा करायला आलेल्या माणसाने बांधावर उभ्याउभ्याच लिहिलं, ‘उधाणामुळे बांध फुटला.’ सगळ्यांनी माना हलवल्या. शकू चिखलातून पुढे आली.

“साहेब, उधान नव्हता.”

“बाई, उधान नाही, उधाण,” तो हसून म्हणाला. “बाणातला ण.”

“न काय आन ण काय, अष्टमीला दोन्ही येत नाय.”

ती घरी जाऊन कॅलेंडरच घेऊन आली. बांध फुटल्याच्या चौकोनात आडवी रेघ होती. पाणी त्या दिवशी बांधाच्या पायालाही लागलं नसणार. त्या माणसाने वाक्य खोडलं आणि ‘कारण अज्ञात’ असं लिहिलं. बांध कुणी फोडला हे पुढे कधीच सिद्ध झालं नाही. पण पलीकडच्या जमिनीवर मातीचा भराव टाकायला आलेले डंपर त्यानंतर या बाजूला वळले नाहीत, असं ती सांगते. तेव्हापासून घरात एक शब्द रुळला. कुणी खोटी सबब सांगितली की ‘अष्टमीचं उधाण’. हरेश्वर, म्हणजे तिचा नवरा, एकदा डॉक्टरकडे जायचं टाळून गुडघा दुखतो म्हणाला, तेव्हा त्यालाही तिने तेच ऐकवलं.

तर या शकूचा मुलगा प्रितेश तेलवाहू जहाजावर मोटरमन आहे. इंजिनखोलीत काम. सून हेमांगी माणिकपूरला दातांच्या दवाखान्यात नोकरी करते. प्रितेशचा फोन आला की शकू ती तारीखही लिहिते आणि तो काय म्हणाला तेही दोन शब्दांत: ‘सर्दी.’ ‘जेवण बरं.’ ‘बोट लांबून फिरवली.’

यंदा होळीच्या आधी आखातात युद्ध पेटलं. एका बड्या देशाने दुसऱ्यावर विमानं सोडली आणि प्रितेशचं जहाज आखाताच्या तोंडाशी नांगर टाकून थांबलं.

घरात टीव्ही सकाळी सातला सुरू होऊ लागला. हरेश्वर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाला आहे. यंत्रावर त्याचा विश्वास आणि बातम्या सांगणाऱ्यावर त्याहून जास्त. संध्याकाळी पलीकडच्या गावचा पास्कल यायचा. त्याची फुलशेती, धाकटा भाऊ एरॉल पूर्वी जहाजावर कुक. दोघं ओटीवर बसून युद्ध लढायचे. शकू आत भाजी निवडत ऐकायची.

“तेल,” पास्कल म्हणायचा. “दुसरा काय नाय. सरळ तेल.”

“अरे, त्या बड्या देशाच्या बोटीवर हल्ला झाला! माणसं मेली. सरकारने काय हार घालायचे?”

“तिकडं निवडणूक आलीय, तुला ठाव हाय का?”

“तुला सगळीकडं निवडणूक दिसते. मागं तू पंचायतीला पडलास ना, तवापासून.”

“पडलो, पन उभा तरी राहिलो. तू खुर्चीतनं उठतोस का?”

असं तीन आठवडे चाललं. मग मंगळवारी प्रितेशचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा ओढलेला, पण हसत होता. कंपनीने सांगितलं होतं की ज्यांना उतरायचं असेल त्यांच्यासाठी शुक्रवारी सकाळी लाँच येईल. जे राहतील त्यांना दुप्पट पगार. शुक्रवारनंतर जहाज आत, बंदराकडे निघणार.

“मी राहतोय,” प्रितेश म्हणाला. “आठ दिवसांत युद्ध संपतंय. त्यांचं सरकार स्वतः बोललंय, काम होत आलंय. वरचा मजला होऊन जाईल आपला.”

“बरोबर हाय,” हरेश्वर म्हणाला. “आता भ्यायचा कशाला?”

हेमांगीने फोन सरळ धरला होता. तिने तो शकूकडे वळवला आणि स्वतः पडद्याबाहेर सरकली. शकूने ते पाहिलं.

“कंचा काम?” तिने विचारलं.

“काय?”

“काम होत आलंय बोलतोस. कंचा?”

“आई, ते... अणुबॉम्बचं. म्हणजे आधी बोटीचा बदला होता, मग...” तो थांबला. “उद्या बोलू, नेट जातंय.”

त्या रात्री ती जेवली आणि नेहमीसारखी झोपली. सकाळी चहा ठेवून तिने कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, सुतळी आणि पेन्सिलसकट, आणि ओटीवर हरेश्वरच्या पुढ्यात ठेवलं. पास्कल सकाळीच आला होता, शेवग्याच्या शेंगा द्यायला. त्यालाही बस म्हणाली.

“हे वाच.”

“माझा चष्मा...”

“हेमांगी, तू वाच गो.”

हेमांगी डबा भरत होती. ती हात पुसत आली आणि चौकोन शोधून वाचू लागली. “शनिवार. युद्ध सुरू. कारन, गुरवारी बोटीवर हल्ला. आठ दिवसांत संपेल.” बोट खाली सरकलं. “बुधवार. कारन, बॉम्ब बनवत होते. मग रविवार. कारन, तिथल्या लोकांना राजापासून सोडवायचं. आठ दिवसांत संपेल.” ती जरा थांबली. “परवा. कारन, समुद्राचा रस्ता मोकळा करायचा. आठ दिवसांत संपेल.”

“कारन काय, कारण,” हरेश्वर पुटपुटला.

“न काय आन ण काय,” पास्कल म्हणाला आणि खो खो हसला. शकू हसली नाही.

“एका कामाला चार कारणं असतात,” हरेश्वर आता सरसावून बसला. “तू माणिकपूरला जातेस ती भाजी विकायला पन जातेस आन बहिनीला भेटायला पन. त्यात खोटा काय?”

“दोन्ही सांगून जातंय. आल्यावर तिसरा नाय सांगत.”

“सरकारला गुपित ठेवायला लागतं. सगळं कसं सांगतील?”

“नको सांगू देत. गुपित ठेवू देत. पन मग त्यांची तारीख आपन का धरायची? एक काम झाला की मानूस थांबतो. काम रोज बदलला तर थांबायचा कशावर?”

हरेश्वरने चहा घेतला. त्याच्या हातात अजून एक पत्ता होता. “बोटीवर हल्ला झाला ना पन? गुरवारी? तो तर खरा. सुरुवात त्यांनी केली.”

“हल्ला खरा आसंल. मेलेली मानसं पन खरी,” शकू म्हणाली. “हेमांगी, आता मागचा पान काढ. नऊ तारीख.”

हेमांगीने पान उलटलं. “प्रितेशचा फोन. लढाईच्या बोटी रांगेत उभ्या. विमानांची मोठी बोट पन आली. आमची बोट लांबून फिरवली.”

“गुरवारच्या आधी किती दिवस?”

हेमांगीने बोटांवर मोजलं. “अठरा.”

“हल्ल्याच्या आधी अठरा दिवस बोटी तयार,” शकू म्हणाली. पास्कलने मांडीवर थाप मारली. “बोललो ना मी! तेल!”

“गप रे पास्कल. तेल का आनखी काय ते मला ठाव नाय. तुला पन ठाव नाय. बांध कोनी फोडला ते तरी कळला का आपल्याला? मी येवढाच बोलते, उधान नव्हता. ते जे सांगतात त्याच्यासाठी हे युद्ध नाय. मग ते बोलतात त्या दिवशी ते कसा संपेल?” तिने कॅलेंडर गुंडाळलं. “आन माझा पोर त्या पान्यात हाय.”

हरेश्वरने सवयीने टीव्हीकडे पाहिलं. टीव्ही बंद होता. “दुप्पट पगार हाय, शके. परत असा चान्स मिळनार नाय त्याला. आन कंपनीने काळ्या यादीत टाकला तर?”

हे खरं होतं, आणि शकूला ते कळत होतं. प्रितेशला ही नोकरी मिळायला चार वर्षं लागली होती. “टाकू देत. दुसरी शोधील. फिटरचा पोर हाय.”

हेमांगीने दोन्ही पानांचे फोटो काढले. पाठवायच्या आधी तिने सासूकडे बघितलं. “आई, मीच ‘राहू नका’ बोलले असते तर रागावले असते ते. बोलले असते, तू घाबरतेस.”

“तर मग तू काय लिहू नको. नुसता पाठव.”

दुपारी प्रितेशचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला. “आई, तू काय डिफेन्स एक्स्पर्ट झालीस काय? मेसमध्ये दाखवला फोटो, सगळे हसत होते. कोंबडी बसवली, सिलिंडर लावला आणि खाली वॉर!” शकूने ऐकलं आणि मिरच्या खुडत राहिली. संध्याकाळी दुसरा आला, पहिल्याहून छोटा. “ती नऊ तारीख. मी खरंच असं बोललो होतो? मी विसरलोच होतो.”

तिने हेमांगीला फोन लावायला सांगितलं. प्रितेशने उचलला.

“तू बोलला होतास. माझ्या हातचा लिहिलेला हाय.”

“कॅप्टन बोलतो सेफ आहे.”

“कॅप्टनला कोन बोलला?”

“कंपनी.”

“कंपनीला?”

“ते पण बातम्याच बघतात बहुतेक.”

“प्रितेश, मी रडत नाय, तुला शपथ घालत नाय. तुझ्या डोक्यानं ठरव. पन आठ दिवस धरून ठरवू नको. आठ महिने धर आन मग बघ राहायचा का.”

गुरुवारी फोन आला नाही. हेमांगी कामावर गेली आणि अर्ध्या दिवसात परत आली. हरेश्वरने टीव्ही लावला आणि आवाज शून्यावर ठेवला. शकूने पापड लाटले. लाटताना दोनदा तिने पीठ लावायचं विसरून पापड पोळपाटाला चिकटवला, एरवी तिच्याकडून असं होत नाही.

शुक्रवारच्या चौकोनात उभी रेघ होती, अमावास्येची. भरती बाराच्या सुमाराला. साडेदहाला ती टोपली आणि कोयता घेऊन बांधाकडे निघत होती, तेव्हा फोन वाजला. हेमांगीने धावत येऊन तो तिच्या कानाला लावला. इंजिनाचा आवाज, वारा, आणि मध्येच प्रितेश.

“आई, लाँचमध्ये आहे. तिघं उतरलो. बाकीचे राहिले.”

“स्वेटर घेतलास?”

“इथं ऊन आहे, आई!”

“विमानात थंडी असते.” तिने फोन सुनेच्या हातात दिला आणि कोयता टोपलीत ठेवला.

हरेश्वर दारात आला. “आन उद्या खरंच संपला युद्ध तर? दुप्पट पगार गेला, नोकरी गेली, वर लोक हसतील.”

“संपू दे ना. संपला तर गावभर पेढे मी वाटीन. बाकीची पोरं पन तिथंच हायेत.” तिने पदर खोचला. “चला, उघाडीची फळी एकटीनं नाय बसत.”

हरेश्वर चपला शोधत आत गेला. फ्रिजजवळ तो थांबला. त्याने सुतळीची पेन्सिल हातात घेतली, डोळे बारीक करून शुक्रवारचा चौकोन शोधला आणि उभ्या रेघेच्या बाजूला लिहिलं, ‘प्रितेश उतरला.’ खाली थोडी जागा उरली होती. सकाळच्या बातम्यांत पाचवं कारण सांगितलं होतं. तेही त्याने लिहिलं, ‘कारण’ मधला ण नीट, बाणातला, आणि बांधाच्या वाटेला लागला.