सरकवलेला फोटो

बारामतीतल्या त्या एक्स-रे सेंटरमधल्या माणसाचं नाव मला अजून माहीत नाही. इंदापूरहून पेशंट घेऊन आठवड्यातून दोनदा तरी माझी गाडी तिथं जाते. त्याच्या टेबलावर दोन स्क्रीन आहेत, एक त्याच्याकडं तोंड केलेला, दुसरा पेशंटकडं. फोटो आधी पेशंटच्या स्क्रीनवर उघडतो. मग तो पेनाच्या टोपणानं दाखवत सावकाश बोलतो, "ह्या फासळ्या. हे काळीज. सगळं जागच्या जागी हाय."

कधीकधी मात्र तो काही बोलत नाही. कीबोर्डवरची तीन बटणं एकदम दाबतो आणि फोटो आपल्यासमोरून सरकून त्याच्या स्क्रीनवर जातो. असे पेशंट पुढं फार दिवस माझ्या गाडीत बसत नाहीत, हे मला हळूहळू कळलं.

गेल्या हिवाळ्यात मी माझ्या थोरल्या भावाला नेलं. त्याचा खोकला हटत नव्हता. फोटो उमटला आणि त्या माणसाची बोटं लगेच हलली.

"फोटो कुठं गेला?" दादानं विचारलं.

"त्यात बघण्यासारखं काय न्हाय, आबा. रिपोर्ट डॉक्टर सांगतील."

मग त्यानं उठून दादाच्या सदऱ्याची बटणं स्वतः लावली. माझ्याकडं बघितलं नाही.

"बघण्यासारखं काय न्हाय म्हणला, म्हंजी साफ हाय," दादा गाडीत खुशीत म्हणाला. वाटेत त्यानं हट्टानं चहा पाजला. उसाच्या पुढच्या लागणीला कुठलं बेणं आणायचं ते तो सांगत राहिला, आणि मी व्हय, व्हय म्हणत राहिलो.