नाशिकची दोघं

आमचे दोन गर्भ नाशिकच्या दवाखान्यात गोठवून ठेवले, तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. पुढे ते वितळवून माझ्या पोटात सोडायचे होते. जव्हारला परतल्यावर ह्यांनी सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं.

“बर्फात ठेवलीत?”

“बर्फाहून कितीतरी गार, आई.”

“असू दे. जव्हारची लेकरं ती, गारठ्याची सवय असायचीच,” म्हणून त्या हसल्या.

तिन्हीसांजेला दिवा लावून त्या घरातल्या एकेकाचं नाव घेतात, देवाला सांभाळ म्हणतात. त्या दिवसापासून शेवटी ‘आणि नाशिकची दोघं’ असं येऊ लागलं.

पावसाळा सरताना आम्ही गेलो. एक गर्भ वितळताना टिकला नाही. दुसरा पोटात सोडला, तो रुजला नाही. येताना मोखाड्यापासून पुढे रस्ताच दिसत नव्हता, नुसतं धुकं. आपणही त्यात विरून जावं, असं वाटलं. घरी सासूबाईंनी विचारलं. हे माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणाले, “या वेळी नाही जमलं. ती आहेत तिथेच.”

म्हातारीला धक्का नको, असं ह्यांना सांगितलं. खरं तर दिव्यापाशीचे ते शब्द मलाच ऐकायचे होते. दिवेलागणीला मी हातातलं काम टाकून दाराशी उभी राहायचे. ‘नाशिकची दोघं’ म्हटलं की कुणीतरी आत आल्यासारखं वाटे. चटईच्या कडेला बसलेलं, ओलसर, न बोलणारं. वर्षं अशीच गेली.

या थंडीत त्या म्हणाल्या, “पुढच्या खेपेला मी येते गं. माझा काय भरवसा? काचेतून तरी बघेन त्यांना.”

मग मात्र मी सांगून टाकलं.

त्यांनी दिव्याकडे पाहिलं. “म्हणजे सुतकात दिवा लावत होते मी?”

“आई, त्यांचं कसलं सुतक?”

“का? घरातली नव्हती ती?”

माझी नजर चटईच्या कडेला गेली.

“उशिरा कळलं तरी डोक्यावरून पाणी घ्यावं लागतं,” म्हणत त्यांनी बंब पेटवला. आधी त्या न्हाल्या. मग मला लुगड्यासकट पाटावर बसवलं आणि माझ्या डोक्यावर तांब्या ओतला. कढत पाणी पाठीवरून उतरलं आणि मला हुंदका फुटला. त्यांनी थांबवलं नाही. दुसरा तांब्या भरला.

“झालं की त्याला पाठव,” त्या म्हणाल्या. “त्याचीही अंघोळ राहिलीय.”