शिवणीचे ओंडके

"मालकानू, दोन ओंडके द्या. दादाच्या चितेखाली लावूक," शंकर दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाला. त्याचा मोठा भाऊ भिकू, माझा कारागीर, त्या सकाळी प्लेगने गेला होता.

गिरगावात माझं सतारींचं दुकान होतं, विलायती गिटारीही दुरुस्तीला यायच्या. प्लेगच्या त्या पहिल्या साली निम्मी मुंबई कोकणात पळाली. सोनापुरातल्या चिता विझेनात. वखारींतलं सुकं लाकूड केव्हाच संपलं होतं, गलबतातून उतरलेलं ओलंच विकत होते.

माझ्याकडे मात्र सुकं होतं. विलायती गिटारची पुढची फळी, म्हणजे सतारीची तबली म्हणा, थंड मुलखातल्या पांढऱ्या लाकडाची असते. सगळा आवाज तिचा. मुंबईच्या दमट हवेत ती फुगते, जोडाचा सरस सुटतो आणि गिटारचा खोका होतो. भिकू म्हणाला, आपल्या शिवणीचं लाकूड वापरून बघू. आम्ही सगळे हसलो, कारण शिवणीचे पाट करतात नाहीतर पाळणे. त्याने गावाहून दोन ओंडके आणवले. चिरू नयेत म्हणून टोकं शेणाने लिंपली आणि पाच पावसाळे माळ्यावर ठेवले. दर दिवाळीला एकेक खाली काढून ठोकायचा, कान लावायचा, मान हलवून परत ठेवायचा. त्या वर्षी पहिल्यांदा म्हणाला, "झाला."

लगेच धोबी तलावाच्या एका गोवेकर बँडमास्तरने दोन गिटारींची ऑर्डर दिली. बाकी गिऱ्हाईक पळालेलं. ही ऑर्डर गेली असती तर दुकानाला कुलूपच.

"शंकर, ऑर्डरचं लाकूड आहे रे ते."

"वखारीतला ओला आसा, मालकानू. पेट घेणा नाय."

"रॉकेल घे. मी देतो."

तो माळ्याकडे बघत राहिला. "ता दादानच सुकवलेला ना?"

मी रॉकेलचा डबा दिला. त्याने तो उचलला.

दुपारी मी सोनापुरात गेलो. रॉकेल भडकून संपलं होतं आणि लाकडं नुसती धुमसत होती. शंकर पंच्याने वारा घालत होता. डोळे धुराने लाल झालेले, पण माझ्याकडे त्याने बघितलं नाही. मला तिथे थांबवेना. शरम वाटली, तरी परत येऊन मी करवतच हातात घेतली.

गिटारी महिन्याभरात झाल्या. तबली शिवणीची, पाठ शिसवीची. बँडमास्तरने तारा छेडल्या आणि बराच वेळ ऐकत राहिला.

"फर्स्ट क्लास, मिस्तरी! पाटाचं लाकूड असं वाजतं? कुणाचं डोकं हे?"

"माझं," मी म्हणालो.

पुढे दुकान चाललं. शिवणीबद्दल विचारायला अजून माणसं येतात. पाच पावसाळे सुकवा, टोकं लिंपा, ठोकून ऐका, सगळं सांगतो. लाकूड कच्चं असेल तर पहिल्याच पावसाळ्यात कळतं. कच्च्या कारागिराचं तसं नसतं, तो आयुष्यभर पक्का म्हणून खपून जातो.