जुम्म्याला बंद

कोसा रेशमाचे कोष उकळल्याचा वास आला की नागभीडमधलं चाचांचं कोसा साड्यांचं दुकान आठवतं. त्या शुक्रवारी शटर अर्धं ओढून चाचा नमाजाला गेले होते. आतल्या सोनेरी अंधारात मी त्यांच्या ऑनलाइन दुकानाचं सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि साइट पांढरीफटक झाली. ऐन सणाच्या ऑर्डरी, अन् एकही साडी दिसेना. बिघाड कशामुळे ते शोधायला मी घाबरून साइटला जोडलेलं एकेक प्लगिन बंद करून बघत होतो, तेवढ्यात चाचा परतले. "चाचा, दुकान बंद पडलं!" "मंग काऊन घाबरून राह्यला? जुम्म्याले या टायमाले आपलं दुकान बंदच राह्यते," म्हणत त्यांनी शटर वर ढकललं. मी पुढचं प्लगिन बंद केलं आणि उन्हाबरोबरच पडद्यावर साड्या उलगडल्या. आजही एखादी साइट उघडली नाही, की मी आधी वार बघतो.