पेटीवाल्या भाऊंच्या फाइल्स

"बाई, जरा पंखा बंद करा. आवाज ऐकायचाय," मी म्हणाले आणि कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला.

आतून टक्-टक् येत होतं. थोडं थांबायचं, पुन्हा टक्-टक्. माझं कणकवलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हा आवाज मला अजिबात आवडत नाही. हार्ड डिस्क, म्हणजे ज्या चकतीवर सगळा साठा असतो ती, थकली की असं वाजते. अशी डिस्क वर्षभरही चालते, किंवा पुढच्या वेळी बटण दाबलं की संपते.

"काय म्हणता तो?" बाईंनी विचारलं.

"घाई करायला हवी, म्हणतोय."

बाईंचं घर तोंडवली गावात, किनाऱ्यापासून जवळच. बाई शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांचे यजमान भजनात पेटी वाजवायचे. सगळे त्यांना भाऊ म्हणत. आंब्यावरून पडून त्यांचा डावा हात अधू झाला आणि पेटीचा भाता ओढणं बंद झालं. तेव्हा गोव्यातल्या भाच्याने त्यांना एक इलेक्ट्रिक कीबोर्ड आणि वापरलेला कॉम्प्युटर आणून दिला. भाता नाही, एका हाताने वाजवता येतं. भाऊ रोज संध्याकाळी वाजवायचे, कॉम्प्युटरमध्ये साठवायचे आणि मग खुर्चीत बसून स्वतःच ऐकायचे. भाऊ जाऊन काही वर्षं झाली. कीबोर्ड तर त्यांच्या आधीच गंजून भंगारात गेला होता. कॉम्प्युटर मात्र बाई अधूनमधून लावायच्या, ऐकायच्या आणि बंद करायच्या.

आता मुलगा, नितीन, त्यांना पुण्याला नेणार होता. घर होमस्टेसाठी द्यायचं ठरलं होतं. त्याने आईसाठी नवा लॅपटॉप पाठवला आणि मला फोन केला, "जुन्यातलं सगळं नव्यात टाकून द्या. डबा तिथेच राहू दे."

सांगायला सोपं. या कॉम्प्युटरला इंटरनेट कधी लागलंच नव्हतं, म्हणजे मेल वगैरे नाही. फ्लॉपीची खाच खाऱ्या हवेने गंजलेली. सीडीचा ट्रे उघडेना. मागे यूएसबीची जागा होती, पण आतली विंडोज इतकी जुनी की पेनड्राइव्ह लावला तरी ओळख दाखवेना. ओळख पटवायला ड्रायव्हर, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम लागतो. तो आत घालायला सीडी लागते. आणि सीडीचा ट्रे उघडत नव्हता. दुकानात नेण्याचं धाडस मला होईना. कणकवलीपर्यंतच्या खड्ड्यांत ती डिस्क टिकली नसती.

राहिला एकच मार्ग. डिस्क बाहेर काढायची, कन्व्हर्टरने, म्हणजे एका खास जोडवायरने, लॅपटॉपला जोडायची आणि थेट कॉपी करायची. मी बाईंना धोका सांगितला. 

"काढ," त्या म्हणाल्या. "पण सांभाळून गो."

मी स्क्रू सोडवले, डिस्क टॉवेलवर ठेवली आणि वायर जोडली. लॅपटॉपवर फोल्डर दिसला. कॉपी सुरू केली. हिरवी पट्टी सरकायची, मध्येच अडायची, पुन्हा सरकायची. बाई खुर्चीच्या कडेवर बसून तिच्याकडे बघत होत्या. शेवटी पट्टी पूर्ण भरली. एकही फाइल सुटली नव्हती. मी नितीनला व्हिडिओ कॉल लावला.

"झालं?" तो खूश झाला. "आई, एक लाव ना."

मी पहिल्या फाइलवर क्लिक केलं. एका अभंगाची चाल वाजली. भरदार, स्वच्छ, मोठ्या हॉलमध्ये पियानो वाजावा तशी.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ह्या कोण वाजवता?"

"भाऊच. त्यांचीच फाइल आहे."

"नाय. ह्या तेंचा नाय."

"आई, तेच आहे," नितीन फोनवरून म्हणाला. "उलट आता किती छान वाजतंय."

"छान नको माका," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "बरं, तुम्ही बघा," म्हणून नितीनने फोन ठेवला.

चूक कुठे आहे ते माझ्या लक्षात आलं. म्हटलं तर चूक नव्हतीच. या फाइल्स मिडी प्रकारच्या होत्या. मिडीमध्ये आवाज साठवलेला नसतो. कोणती पट्टी दाबली, कधी, किती जोरात आणि किती वेळ, एवढीच नोंद असते. त्या नोंदीवरून प्रत्येक कॉम्प्युटर आपापल्या वाद्यांतून वाजवतो. जुन्या डब्याचा आवाज पातळ, थोडा पत्र्यासारखा. लॅपटॉपचा गोल आणि श्रीमंत. भाऊंनी दाबलेल्या पट्ट्या तशाच होत्या, पण बाई इतकी वर्षं जे ऐकत होत्या तो त्या डब्याचा गळा होता. तो कॉपी होत नाही.

मी हे बाईंना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मगे तो आवाज पुण्याक कसो येतलो?"

"डिस्क परत आत बसवते. जुना कॉम्प्युटर वाजवेल आणि नवा ऐकून साठवेल. पण डबा पुन्हा चालू होईलच असं नाही."

"फाइली आता खंय जात नाय ना?"

"नाही. त्या लॅपटॉपमध्ये आहेत."

"मगे चालव."

डबा चालू झाला. मागे स्पीकरच्या शेजारी असलेल्या दुसऱ्या जॅकमधून, म्हणजे आवाज बाहेर येणाऱ्या भोकातून, केबल घेऊन थेट लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड करायचा माझा विचार होता. पण तो जॅक गंजून हिरवा पडला होता, नुसती खरखर यायला लागली. मग मी स्पीकर टेबलावर पुढे घेतले, लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला आणि त्याचा माइक चालू केला. गावातल्या लग्नात कोणी मोबाइलवर गाणं रेकॉर्ड करतं, तसं. आमच्या धंद्यात याला कोणी काम म्हणणार नाही.

या कामात घाई करता येत नाही. कॉपी पळवता येते, गाणं त्याच्या गतीनेच वाजतं. आम्ही दोघी बसून राहिलो. तो पातळ आवाज सुरू झाला आणि बाईंनी डोळे मिटले. बाहेर कावळे ओरडत होते. समुद्राची गाज मागे होतीच. एक मासेवाली कुंपणाशी आली, "बाई, बांगडे घेतलास?" म्हणून हाक मारली, उत्तर आलं नाही म्हणून पुढे गेली. हे सगळं रेकॉर्ड होत होतं. मी थांबवून पुन्हा सुरू करायला हात पुढे केला. बाईंनी डोळे न उघडताच मान हलवली. नको.

एका चालीत भाऊ चुकले होते. चुकले, थांबले आणि ओळ पहिल्यापासून घेतली. बाई हसल्या. "ह्या माझ्यामुळे. चाय थंड होता म्हणून मी हाक मारलेलंय."

निम्म्याहून जास्त चाली झाल्या असतील. मग स्पीकर एकदम मुके झाले आणि स्क्रीन काळी पडली. करपट वास आला. डब्यात पाहिलं तर मदरबोर्डवरचे कपॅसिटर, म्हणजे वीज धरून ठेवणारे छोटे डबे, फुगून फुटले होते. गंमत म्हणजे ज्या डिस्कची मला भीती होती ती ठीक होती. आवाज काढणारी चिप मदरबोर्डवरच होती, ती गेली. नंतर मी तो बोर्ड दुकानात नेऊन बरेच दिवस झगडले. तसाच दुसरा बोर्ड गोव्यापर्यंत शोधला. मिळाला नाही.

"उरलेल्या?" बाईंनी विचारलं.

"नव्या आवाजात आहेत. जुन्यात आता नाही होणार, बाई."

त्यांनी डब्यावरची धूळ पदराने पुसली. "बरा," एवढंच म्हणाल्या आणि मला चहा टाकायला आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

गणपतीच्या दिवसांत त्यांचा पुण्याहून फोन आला. त्या वर्षी त्यांना गावी येता आलं नव्हतं. घरात पाहुणे उतरलेले, आणि गणपती दिरांच्या घरी बसवला होता.

"ऐकता ना गाणी?" मी विचारलं.

"ऐकतंय तर."

"जुन्या आवाजातली निम्म्याहून जास्त आहेत, तेवढं तरी बरं झालं."



"ती मी लावनय नाय गो," त्या म्हणाल्या. "ती लावली की कावळे येतत, समुद्र येता, बांगडेवाली हाक मारता. उठान घराक जाऊचा असा वाटता. आणि घर खंय आसा आता? मी आपली ती दुसरी लावतंय. पयल्यांदा परकी वाटली. आता त्या भरल्या आवाजातसुद्धा तेंचो हात ओळखता येता. खंय दाबलानी, खंय सोडलानी. त्येच्यात घर नाय, नुसते ते आसत."

 मी विचारलं, लॅपटॉप नीट चालतोय ना. त्या म्हणाल्या, चालतोय.

पूर्वी मी दोन्हीकडच्या फाइल्सचा आकार जुळला की काम संपलं म्हणायची. आता ग्राहकाला एक फाइल स्वतःच्या हाताने उघडायला लावते आणि गप्प बसते. बहुतेक जण मान डोलावतात. एखादा डोलावत नाही, तेव्हा मी पुन्हा हत्यारांची बॅग उघडते.