डेथ मेटल? कोण गेलं?

मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नामपूरहून आमच्याकडे इंदिरानगरला आले आणि आठ दिवस राहिले. तिकडे कांदा मार्केटात त्यांची आडत. दिवसभर माणसांत बोलायची सवय. इथे डोळ्यांवर काळा चष्मा, टीव्ही बंद, मोबाईल बंद. आई तिच्या शाळेत शिकवायला गेली की घरात मी एकटी, तीही लॅपटॉपवर ऑफिसच्या कामात. दुसऱ्याच दिवशी कंटाळून म्हणाले, "माय, तू कानात काय घालून बसतीस, मलाबी ऐकव."

मी कॉलेजपासून मेटल ऐकते, म्हणजे रॉकमधलं सगळ्यात कर्कश संगीत. घरात ते कोणाला समजावायच्या फंदात कधी पडले नव्हते. म्हटलं, होऊन जाऊ दे. स्पीकर लावला.

"हाई काय शे?"

"डेथ मेटल."

"कोण गेलं?"

"कोणी नाही हो मामा, प्रकाराचं नाव आहे."

त्यांनी गायकाचा आवाज लक्ष देऊन ऐकला. "दहाव्याला कावळा शिवत नाय, तवा घरचे असेच वरडतात."

मग त्यांना नादच लागला. मी मेटलच्या एकेका प्रकाराचं नाव सांगायचे, थोडं वाजवायचे, ते अर्थ लावायचे. थ्रॅश म्हणजे बाजरीचं मळणीयंत्र. जवळ उभं राहायचं नाय. डूम म्हणजे कांद्यानं भरलेला ट्रॅक्टर पहिल्या गियरवर घाट चढतोय, आणि चालवणाऱ्याला घरी जायची इच्छाच नाय. ब्लॅक मेटल म्हणजे पत्र्यावर गारपीट, आणि आत कोणीतरी देवाला शिव्या देतंय. हे तर मला कधी इतकं नेमकं सांगता आलं नसतं. ग्राइंडकोरचं गाणं अकरा सेकंदांत संपलं, तेव्हा एवढंच म्हणाले, "लिलाव असा पाहिजे."

चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका, गणिताचे निवृत्त प्राध्यापक, दारात उभे. "वर कोणाला मारहाण चालली आहे का?"

मी स्पीकर बंद करायला धावले, तोवर मामा आतून म्हणाले, "या, बसा. हे स्लज. म्हणजे गाळ. गाळाला नावं ठेवू नका, शेतात टाकला तर पीक लय येतं." वर त्यांना डूमचा ट्रॅक्टरही सांगितला.

काका बसले. ऐकलं. म्हणाले, "ट्रॅक्टर हळू चालला की डूम. हेही हळूच चाललंय. मग हे डूम का नाही?"

"हा चिखलात रुतलाय."

"रुतलेल्याचा वेग शून्य असतो."

"चाक फिरतंय ना पण!"

अर्धा तास दोघे स्पीकरवर आवाज चढवून भांडले. असलं भांडण मी आजवर फक्त इंटरनेटवर, अनोळखी लोकांशी केलं होतं. माझी एक मीटिंग बुडाली, पण मी जागची हलले नाही. शेवटी आईने शाळेतून येऊन प्लग उपटला. "दादा, ऑपरेशन डोळ्याचं झालंय की डोक्याचं?"

मामा घरी गेल्यावर पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज उतरलेला. "मार्केटात चार जणांना समजावून सांगितलं. हसतात. इथं कोणाला काय कळत नाय, माय."

"सवय करून घ्या, मामा," मी म्हटलं. "मला पंधरा वर्षं झाली."